त्या ओळीखाली

चार दिवस छातीत दुखत होतं आणि तू सोडा पीत बसलास. बरं, त्या चार दिवसांत मला फोन केला नाहीस असंही नाही. मंगळवारी केलास. कशासाठी, तर विंचूरच्या वाइनवाल्यांच्या फ्रेंच मशिनचे तू भाषांतर केलेले कागद टाइप झाले का म्हणून. मी विचारलं, आवाज असा का येतोय? म्हणालास, मिसळ बाधली. दिलराज, चाळिशी उलटलेला बाप्या तू, चार भाषा येत होत्या तुला, आणि "कुसुम, मला दवाखान्यात ने" एवढं एक वाक्य तुला एकाही भाषेत जमलं नाही. शुक्रवारी सकाळी दूधवाल्याने दार वाजवलं, उघडेना, तेव्हा त्याने मला फोन केला. तुझ्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने माझ्या दुकानाचा नंबर लिहिलेला होता म्हणे. मला तो तिथे आहे हेही ठाऊक नव्हतं.

आज बारावा दिवस. सगळे म्हणतात, रड गं, मोकळी हो. मी नाही रडणार. मला आधी भांडायचंय. नऊ वर्षं जे भांडण तू दर वेळी अर्धवट टाकून उठून जायचास, ते आज तुला पूर्ण ऐकून घ्यावं लागेल. आता कुठे उठून जातोस तेच बघते.

रविवारी वाचनालयाच्या सभागृहात तुझी शोकसभा झाली. तुझ्या फोटोला हार, उदबत्ती, आणि समोरच्या खुर्च्यांत तेच तिघे बसलेले. ज्यांनी तुझी कादंबरी वीस पानांच्या पुढे वाचली नाही आणि बाहेर सांगत फिरले की हा माणूस मराठीची चेष्टा करतो, ते. त्यांतले एक उठले आणि गळा काढून म्हणाले, "परदेशी असूनही मराठीवर केवढं हे प्रेम!" परदेशी असूनही! मला वाटलं, जावं आणि माईक काढून घ्यावा. माझ्या नवऱ्याने, भास्करने, माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं म्हणून त्यांची अब्रू वाचली. दुसरे म्हणाले, दिलराज विठू हा आपल्या नाशिकचाच होता. आता म्हणतात. सोळा वर्षं भेटेल तिथे हेच गृहस्थ तुला विचारायचे, "काय मग, परत कधी?" आणि तू हसून म्हणायचास, "कुठे?" त्यांना वाटायचं तू गंमत करतोस.

तू माझ्या दुकानात पहिल्यांदा आलास तो दिवस आठवतो का? रविवार कारंजावर माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट. दहा मशिनींचा खडखडाट, आणि दारात एक सावळा, उंच मुलगा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. "नमस्कार. मला एक निबंध टंकलिखित करवून घ्यावयाचा आहे." दहाच्या दहा मुली थांबल्या. एकीला तर ठसकाच लागला हसून. इतकं शुद्ध मराठी आमच्याकडे कुणी भांडणातसुद्धा बोलत नाही. मी पावतीवर लिहायला नाव विचारलं.

"दिलराज विठू."

"ते नाव झालं. आडनाव?"

"विठू हेच आडनाव आहे. माझ्या खापरपणजोबांच्या वडिलांचे ते नाव. मॉरिशसच्या बंदरावर गोऱ्या साहेबाने त्यांना नाव विचारले, त्यांनी सांगितले, त्याने लिहिले. तेव्हापासून आम्ही सर्व विठू."

माझे वडील, अण्णा, तिथे बसले होते. मखमलाबादहून झेंडूच्या पाट्या घेऊन बाजारात यायचे आणि माल उतरला की माझ्याकडे चहाला. ते म्हणाले, "मंग गाव कोन्तं तुमचं?" तू म्हणालास, कोकणात कुठेतरी वडतळी नावाचं, एवढंच माहीत आहे. आजी एका गाण्यात ते नाव घ्यायची. बाकी काही नाही. ऊस तोडायला जहाजात बसून गेलेल्या माणसाबरोबर एवढंच गेलं होतं. मराठी शिकायची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून तू आलास, हे तू सगळ्यांना सांगायचास. खरं कारण आमच्या अण्णांना पहिल्या चहातच सांगून टाकलंस. "मला माझे गाव पाहिजे." अण्णांनी बशीतला चहा तुझ्यापुढे सरकवला. "लय लांबून आलास बाबा. च्या पी आधी. आन् गंगेवर जा. तिथल्या गुरुजींच्या वह्यांमंदी समद्यांचे बाप-आजे हायेत."

आमच्यासाठी ही रोजच्यातली गोष्ट. गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो आणि रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे लांबड्या वह्या असतात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. एकेका घराण्याकडे ठरावीक गावं. त्या गावचा माणूस क्रियाकर्माला नाशकात आला की त्याने आपल्या हाताने वहीत घरच्यांची नावं लिहायची, कोण जन्मलं, कोण गेलं. लिहिता येत नसेल तर गुरुजी लिहिणार आणि खाली हा निशाणी काढणार, शेतकरी असला तर नांगराची. पुढच्या पिढीचा माणूस येतो, आजोबाची सही बघतो, खाली आपली करतो. आम्ही हे बघून चहा प्यायला जातो. तू मात्र ऐकताना अण्णांचा हात धरून बसलास.

वडतळीची वही कुणाकडे हे शोधायला तुला सहा-सात वर्षं लागली. एम.ए. झालं, तू फ्रेंचचे क्लास घ्यायला लागलास, आणि सुट्टी मिळेल तशी एकेका गुरुजींची पायरी चढत राहिलास. शेवटी सापडली तेव्हा मला घेऊन गेलास. "मोडी मला नीट लागत नाही, चल," म्हणालास. मला कुठे मोडी येते? तुला सोबत हवी होती, तर तसं सांगायचं. पण नाही.

गुरुजींनी वही पुसली. पानं उलटत उलटत थांबले, चष्मा वर केला आणि वाचलं. ते वाक्य मी पुढे इतक्यांदा टाइप केलं की झोपेतही म्हणू शकेन. "राघू बिन सखाराम, वडतळी. थोरला मुलगा विठू मोरस बेटास गेला. बारा वर्षे वाट पाहिली. खबर नाही. पळसाच्या पानांचा पुतळा करून नासिक क्षेत्री क्रिया केली. विठूचा पुढे वंश नाही." खाली एक वेडावाकडा नांगर. मोरस म्हणजे मॉरिशस. माझी आजी पांढऱ्या साखरेला मोरस साखरच म्हणायची, पण त्या साखरेच्या मागे कुणी माणूस असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

तू त्या नांगरावरून बोट फिरवलंस. मग म्हणालास, "म्हणजे इथे ज्या दिवशी त्यांना जाळलं, त्या दिवशी ते तिथे ऊस तोडत होते."

गुरुजींना तर आनंद झाला होता. चाळीस वर्षांत असा योग आला नाही म्हणाले. शाईचं पेन काढून तुझ्या हातात दिलं. "लिहा खाली. विठूपासून तुमच्यापर्यंत सगळे."

"आधी ती ओळ खोडा."

"वहीत खाडाखोड होत नाही हो."

"पण ती खोटी आहे. मी इथे उभा आहे."

"म्हणून तर खाली लिहा."

"मी नाही असे लिहिलेल्या ओळीखाली मी माझे नाव लिहिणार नाही."

आणि उठलास. चपला तिथेच. अनवाणी तरातरा निघालास, पंचवटीतून पुलावरून पार रविवार कारंजापर्यंत, आणि मी तुझ्या चपला हातात घेऊन मागे. एप्रिलचं ऊन. ओळखीची माणसं बघत होती. मी त्या दिवशीच तुला सांगितलं होतं, अरे मूर्खा, तू खाली नाव लिहिलंस की वरची ओळ आपोआप पडते. तुझं नाव हेच त्या ओळीला उत्तर. तू म्हणालास, उत्तर द्यायला मी आरोपी नाही. घ्या! कादंबरीकारांशी वाद घालू नये हे मला तेव्हा कळलं नाही, कारण तू तोवर कादंबरीकार झालेला नव्हतास. तो तू त्या रागात झालास.

मग पाच वर्षं 'पुढे वंश नाही'. चार वेळा टाइप केली मी ती. पहिल्यांदा मशिनवर, शेवटी कॉम्प्युटरवर. सांगणारा विठूच, पण दोन विठू. एक पळसाच्या पानांचा, नाशकात जळालेला, तो गंगेच्या घाटावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना गावाची वाट विचारतो. दुसरा बेटावर ऊस तोडतो, लग्न करतो, पोरांना गाणी शिकवतो. दोघं एकमेकांना पत्रं लिहितात आणि पत्रं पोचत नाहीत. प्रकरणांना आकडे नाहीत, प्रत्येक वेळी नुसता नांगर. टाइपरायटरवर नांगर कुठून आणू? पेनाने काढले मी, एक्केचाळीस नांगर, आणि तू प्रत्येक तपासायचास. "हा सरळ आला. राघूचा हात कापत होता. परत काढ." मी म्हणायचे, मी माळ्याची मुलगी आहे, नांगर मला शिकवू नकोस. तरी परत काढायचे.

आणि मधोमध ती बारा कोरी पानं. विठूचा बाप वाट बघतो ती बारा वर्षं. "दिलराज," मी म्हटलं, "लोक पुस्तक घेतात ते वाचायला. कोरी वही त्यांना शाळेच्या दुकानात मिळते."

"वाचू नये त्यांनी. बारा पाने उलटावीत. राघूने बारा वर्षे उलटली."

"पहिल्या दोन पानांत पुस्तक परत करतील."

"मग त्यांना वाट पाहता येत नाही एवढे कळेल." इतकं बोलून वर, "लय भारी होईल, बघ." हे 'लय' तू आमच्या अण्णांकडून उचललं होतंस आणि तुझ्या त्या पुस्तकी मराठीत ते इतकं विचित्र बसायचं, की मला भांडतानाही हसू यायचं.

आता मी काय केलं ते. तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलं नाहीस. छापखान्यातून फोन आला. "मॅडम, फायलीत बारा पानं कोरी आलीत. काही बिघडलंय का? काढली तर सोळा-सोळा पानांचे फर्मे बरोबर बसतात." एक शब्द बोलायचा होता मला. "ठेवा." तो मी बोलले नाही. मी म्हटलं, "काढा." म्हणजे चूक त्या माणसाची नाही, माझी आहे, आणि ती चुकून झालेली नाही. मला लाज वाटत होती. वाचनालयातले ते तिघे हसतील, म्हणतील टायपिंगवाल्या बाईने काय छापून दिलंय, ही लाज. शिवाय मी कंटाळले होते तुझ्या हट्टाला. मनात म्हटलं, एकदा पुस्तक हातात आलं की विसरेल.

तू माझ्या टेबलापाशी उभा राहून पहिली प्रत उघडलीस. ते पान काढलंस. उलटलंस. परत मागे आलास. परत उलटलंस. मग "बरं" म्हणालास आणि प्रत पिशवीत टाकून निघून गेलास. बरं! सात महिने आला नाहीस. अरे, ओरडायचं होतंस. टेबल उलथायचं होतंस. मी चार वेळा माफीची चिठ्ठी टाइप केली आणि फाडली, कारण मला वाटायचं तू ओरडलास की मग मी माफी मागेन. तू तेवढीही संधी दिली नाहीस. संक्रांतीला दारात उभा, हातात तिळगुळाचा डबा. म्हणालास, "मोरस साखरेचे आहेत." भास्कर हसला, तू हसलास, मीही हसले, आणि ते तसंच राहून गेलं. हे बरोबर केलं नाहीस तू. मला दोषी ठेवून माफ केलंस.

तुझं हे असंच. जे बोलायचं ते कोरं सोडायचं आणि समोरच्याने समजून घ्यायचं. मुक्कामाच्या परवान्याचा तुझा फॉर्म दरवर्षी मीच भरायचे ना? त्यात एक ओळ होती, भारतातल्या परिचित व्यक्तीचं नाव. तिथे तू आपल्या हाताने माझं नाव घालायचास. पुढचा रकाना 'नाते'. तो कोरा. "हे राहिलं की रे." "तू भर." पहिल्या वर्षी मी वैतागून टाइप केलं, "टायपिस्ट". तू वाचलंस आणि "बरोबर आहे" म्हणालास. दरवर्षी तू ती जागा सोडत राहिलास आणि दरवर्षी मी टायपिस्ट लिहीत राहिले. काय लिहायला हवं होतं मी? बहीण? राखीपौर्णिमेला तू हटकून देवळाली कॅम्पला जायचास, तिथे कुणा फौजीला फ्रेंच शिकवायचं असायचं म्हणे, फक्त त्याच दिवशी. दुसरं काही असेल, तर ते तू बोलला नाहीस आणि मी विचारलं नाही. माझा संसार सुखाचा आहे, भास्करसारखा माणूस शोधून मिळणार नाही, आणि हे तुलाही ठाऊक होतं. पण विचारायला काय हरकत होती मला? आता विचारते आहे, तर ऐकायला तू नाहीस.

अण्णांच्या शेवटच्या दसऱ्याला तू मळ्यात बसून झेंडूचे हार ओवत होतास. दरवर्षी बसायचास आणि दरवर्षी तुझे हार सुटायचे. अण्णांना तेव्हा धड उठवत नव्हतं. खाटेवरून म्हणाले, "दिलू, ते गाणं म्हन तुझ्या आजीचं." तू म्हटलंस. गणपतीचं, कोकणातलं, बेटावर जाऊन चाल थोडी बदललेलं, मधे वडतळीचं नाव येणारं. आमच्याकडच्या एकाही बाईला ते येत नव्हतं. अण्णांनी डोळे पुसले आणि आईला म्हणाले, "ह्यो आपल्यातलाच हाय." तू पटकन म्हणालास, "अण्णा, हे मला लिहून द्या." आम्ही सगळे हसलो. तू हसला नव्हतास हे मला नंतर आठवलं. महिन्याभरात अण्णा गेले, तेव्हा खांदा द्यायला तू होतास, आणि तेराव्यापर्यंत माझ्या आईला रोज दोन घास भरवणारा तूच. त्याबद्दल मी तुला कधी एक शब्द बोलले नाही. तू आमच्यासाठी केलंस तेवढं माझ्या सख्ख्या भावाने केलं नाही, दिलराज. हे आधी सांगायला हवं होतं.

तर आज सकाळी मी गुरुजींकडे गेले. तुला न विचारता.

ऐंशीला आलेत आता. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. मला बघून म्हणाले, "चपला घेऊन धावणाऱ्या त्या तुम्हीच ना? कुठे आहेत ते? दर पितृपक्षात वडतळीची वही वर काढून ठेवतो मी. येतील म्हणून." मी सांगितलं. त्यांनी वहीवर हात ठेवला.

"आता लिहायचंय," मी म्हटलं.

"कोण लिहिणार?"

"मी."

"बाई, घरचं माणूस लागतं. रक्ताचं. आमच्या आजोबांपासूनचा नियम आहे."

माझा पारा चढलाच. म्हटलं, गुरुजी, रक्ताचं माणूस समुद्रापलीकडे आहे, त्याचाच तर हा सगळा घोळ आहे. आणि मोबाइल काढून तिथूनच तुझ्या बहिणीला, मीनाला, लावला. फोन गुरुजींच्या कानाशी धरला. तिचं ते शाळेत शिकलेलं, जपून पाऊल टाकणारं मराठी मला बाहेरही ऐकू येत होतं. "गुरुजी, माझा भाऊ तिथे राहिला. त्याला तिथेच ठेवा. कुसुमदीदी लिहितील. त्यांना आमची सर्व नावे पाठ आहेत. मला नाहीत." गुरुजींनी फोन परत दिला आणि वही उघडली.

तीच ओळ. तोच नांगर. आणि काय झालं मला कुणास ठाऊक, नऊ वर्षं तुझ्याशी ज्याच्यावरून भांडले तेच मी बोलले. "गुरुजी, आधी ती ओळ खोडा."

ते चिडले नाहीत. म्हणाले, "ती ओळ कुणी सांगितली, माहीत आहे ना? बापाने. बारा वर्षं थांबला तो. नाशकापर्यंत चालत आला असेल. पोराच्या जागी पानं जाळली आणि त्याला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. तुम्हाला ते खोटं वाटतं. त्याने रडत काढलेला नांगर आहे हा. तो कसा खोडू? मी त्या दिवशी हेच सांगणार होतो, पण तुमचे ते थांबलेच नाहीत."

ऐकतोयस? थांबलाच नाहीस तू. राघूचा हात कापत होता हे तुला दिसलं, मला एक्केचाळीस वेळा काढायला लावलंस, पण तो का कापत होता हे विचारायला तू दोन मिनिटं थांबला नाहीस. त्याने तुम्हाला मारलं असं तू धरून चाललास. तो वाट बघत होता रे. बारा कोरी पानं लिहिणाऱ्या माणसाला हे कळू नये? की कळलं होतं, आणि तरी उठून जाणंच सोपं होतं?

मी पेन घेतलं. म्हणत गेले आणि लिहीत गेले. विठू राघू. त्याचा किसन. किसनचा लक्ष्मण. लक्ष्मणचा सोनाजी. सोनाजीचा बलराज. बलराजचा दिलराज, वस्ती नाशिक, येथेच मयत. बलराजची मीना, वस्ती मोरस, तिला दोन मुली, त्यांचीही नावं घातली. न अडता. चार वेळा टाइप केलंय, उगाच नाही. गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. वरची ओळ तशीच आहे, न खोडलेली, आणि तिच्याखाली तू आहेस. तुला हे चाललं नसतं, मला माहीत आहे. मी तुझ्या मनाविरुद्ध केलंय, दुसऱ्यांदा. या वेळी मात्र माफी मागणार नाही.

शेवटी गुरुजींनी बोट ठेवलं. "इथे हस्ते म्हणून तुमचं नाव." लिहिलं. "आणि त्यापुढे नातं."

पेन टेकवलं. टायपिस्ट हा शब्द बोटांना सवयीचा, आपोआप येत होता. मी पेन उचललं आणि टोपण लावलं.

"बाई, हे राहिलं."

"राहिलं नाही, गुरुजी. ते तसंच आहे. तुमच्याकडे खाडाखोड होत नाही ना? मग भरायचंही नाही कुणी. माझ्यामागेही नाही."

त्यांनी शाई वाळू दिली आणि वही मिटली.

दिलराज, तुझी बारा पानं मी खाल्ली होती. ही बोटभर जागा परत केली आहे, तुझ्याच नावाखाली. आता नुसतं "बरं" म्हणू नकोस.